किरणांनी बी मोडले, वाण माणसाने घडवला

१/ अणुयुगाचा इतिहास म्हटला की हिरोशिमा आठवते, पोखरण आठवते आणि आम्हां कोकणवासीयांना जैतापूर. त्याच युगाचा एक अध्याय भुईमुगाच्या आणि उडदाच्या शेतांत लिहिला गेला. तो आपण क्वचितच वाचतो, आणि वाचला तरी सारे श्रेय किरणांना देऊन मोकळे होतो. माझ्या मते ते श्रेय दुसऱ्याच कोणाचे आहे. त्याविषयी हा धागा.

२/ १९२७ साली हर्मन मुलर याने एक्स-किरणांमुळे फळमाशीत आनुवंशिक बदल घडतात हे दाखवले. लगेच पुढच्या वर्षी लुईस स्टॅडलरचे सातूवरील प्रयोग प्रसिद्ध झाले. मात्र शेतीला याचा फारसा उपयोग होईल, असे खुद्द स्टॅडलरलाच वाटत नव्हते.

३/ त्याची शंका निराधार नव्हती. किरण पेशीतील डीएनएची साखळी तोडतात. पेशी ती सांधते. सांधताना चूक राहिली की उत्परिवर्तन होते. मात्रा अधिक झाली तर बी रुजत नाही, रोप खुरटते, परागकण वांझ निघतात. बेताच्या मात्रेतही बहुतेक बदल निरुपयोगी किंवा अपायकारकच असतात. (गॅमा किरण दिलेले बी स्वतः किरणोत्सारी होत नाही, हेही येथेच नोंदवतो.)

४/ मग वाण तयार होतो कसा? पहिल्या पिढीत बरेचसे बदल झाकलेले राहतात. दुसऱ्या पिढीत हजारो रोपे लावून ती एकेक करून न्याहाळावी लागतात. हाती लागलेले मोजके रोप पुढे कित्येक हंगाम पारखले जाते. किरणांचे काम काही मिनिटांचे किंवा तासांचे, निवडीचे काम अनेक वर्षांचे!

५/ महाराष्ट्रात हे घडले ते ट्रॉम्बेला. ‘स्पॅनिश इम्प्रूव्हड’ या भुईमुगावर एक्स-किरण टाकून टपोऱ्या दाण्याचा ‘टीजी-१’ निवडला गेला. १९७३ मध्ये तो ‘विक्रम’ नावाने प्रसारित झाला. १९८५ चा उडीद ‘टीएयू-१’ तर नावातच इतिहास सांगतो : ट्रॉम्बे, अकोला, उडीद. उत्परिवर्तित उडदाचा ‘टी-९’ या प्रचलित वाणाशी संकर करून तो घडवला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या जोडीला अकोल्याचे कृषी विद्यापीठ होते.

६/ येथेच माझा मुद्दा येतो. या प्रत्येक यशामागे आधीचे बी आहे. छत्तीसगडचा सुगंधी ‘दुबराज’ उंच वाढून लोळे. त्याचा बुटका, लवकर येणारा उत्परिवर्तित वाण अलीकडे निघाला. ठेंगणेपण किरणांनी दिले, सुगंध मात्र दुबराजचाच. जो वाण बियाण्याच्या कणगीतून नाहीसा झाला, त्यावर किरण टाकणार तरी कसे?

७/ कोणी म्हणेल, उत्परिवर्तनाने नवे वैविध्य निर्माण होतेच की! होते. परंतु किरण असलेल्या जनुकांत फेरफार करतात; पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून एका वाणात जुळून आलेला गुणांचा मेळ ते परत आणून देत नाहीत. आमच्या सिंधुदुर्गातील ‘वालय’ किंवा ‘बेळा’ भात एकदा गेले, की कोणत्याही प्रयोगशाळेत ते पुन्हा घडवता येणार नाही.

८/ पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथीच्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या, म्हणून त्या आज आपल्यासमोर आहेत. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सर्वांनी अभिमान मिरवला. भाताचे बी राखणाऱ्या आजीचे नाव मात्र कोणत्याच इतिहासात नाही.

९/ म्हणून तरुण इतिहासप्रेमींना एक विनंती. आपल्या गावातील जुन्या भातांची नावे लिहून घ्या : कोणते मळ्यात होई, कोणते भरडावर, कोणते वायंगणी, आणि कोणत्या साली पेरणे थांबले. बी अजून कोणाकडे असेल, तर मूठभर मागून पेरा. ते रुजले, तर कागदावरच्या नोंदीपेक्षा मोठे दफ्तर तुमच्या शेतात उभे राहील.