लिलावाची जमीन कोणीं घ्यावी ?

कर्जापायीं लिलावास निघालेली शेतजमीन पैसा गुंतविणारानें घ्यावी कीं जो ती स्वतः कसणार त्यानेंच घ्यावी, हा प्रश्न आमच्या नंदाखालकडील बागायतदारांस आतां टाळतां येण्यासारखा राहिला नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां लिलावाचे जाहीरनामे आमच्या हातून लिहिले गेले आहेत व चावडीवर डकविलेही गेले आहेत; तेव्हां या विषयावर चार शब्द लिहिणें अगदींच अनधिकाराचें होणार नाहीं.

प्रथम कायदा पाहूं. १९४८ चा कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, जो पूर्वीं मुंबईच्या नांवानें होता व आतां महाराष्ट्राच्या नांवानें आहे, त्याचें कलम ६३ असें सांगतें कीं, जो शेतकरी अगर शेतमजूर नाहीं त्यास शेतजमिनीची विक्री कलेक्टरच्या परवानगीवांचून कायदेशीर होत नाहीं. पुष्कळांची समजूत अशी दिसते कीं, ही बंदी खाजगी खरेदीखतापुरती आहे आणि कोर्टाचा हातोडा पडला म्हणजे सर्व दोष धुऊन जातात. ही समजूत चुकीची आहे. हुकूमनाम्याच्या बजावणींत झालेली विक्री, जमीनमहसुलाच्या थकबाकीपायीं झालेली विक्री व तशाच रीतीनें वसूल होणाऱ्या रकमांसाठीं झालेली विक्री, या तिन्ही त्याच कलमांत स्पष्ट शब्दांनीं घातल्या आहेत. अशी विक्री अवैध ठरली तर कलम ८४-क प्रमाणें जमीन सरकारांत जमा होते. म्हणजे घेणाराचा पैसा अडकला आणि गांवाची जमीनही गांवास परत मिळाली नाहीं! दंड बरोबर माणसास बसतो, परंतु रान पडीक राहतें, याचा विचार कायदा करणारांनीं केलेला दिसत नाहीं. महापालिका हद्दींतील ज्या जमिनी विकास आराखड्यांत बिगरशेतीकडे टाकल्या आहेत त्यांस हा निर्बंध पुढें उरला नाहीं. तेव्हां आपली वाडी आराखड्यांत कोणत्या रंगांत आहे हें ज्यानें त्यानें पाहून ठेवावें.

हा निर्बंध आकाशांतून पडलेला नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे व दस्तऐवज हिसकावून जाळले. त्या दंग्यांनंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो आरंभीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू होता. जी जमीन खास गहाण दिलेली नाहीं ती साध्या पैशाच्या हुकूमनाम्यांत विकतां येऊं नये, असें त्यानें ठरविलें. पुढें १९०१ सालीं सरकारनें जमीनमहसुलाच्या कायद्यांत दुरुस्ती करून, सरकारजमा झालेली जमीन परत देतांना ती विकण्याची मनाई घालण्याची सोय केली. तेव्हां फिरोजशहा मेथा व गोपाळ कृष्ण गोखले कायदेमंडळाची सभा सोडून बाहेर पडले. विकण्याची मोकळीक गेली कीं शेतकऱ्याची पत गेली, हें त्या पक्षाचें म्हणणें होतें, व तें आजही खोडून काढण्याजोगें नाहीं. बोली करणारे थोडे असले म्हणजे किंमत कमी येते. आणि किंमत कमी आली म्हणजे कर्ज फिटून ऋणकोच्या हातीं जें उरावयाचें तें उरत नाहीं.

असें असतांही आम्ही निर्बंधाच्या बाजूचे आहों. मात्र आजचा निर्बंध नांवाचा आहे, कामाचा नाहीं. कायद्यांत शेतकरी म्हणजे स्वतः जमीन कसणारा. परंतु मजुरांकडून आपल्या देखरेखीखालीं करविलेली शेतीही जातीनें कसण्यांतच धरली आहे. व्यवहारांत या सर्वांचा पुरावा काय, तर सातबाऱ्यावरील नांव! तें नांव कोणत्या तालुक्यांत, किती गुंठ्यांवर, आणि तेथें कोणी नांगर धरिला होता कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. शंभर कोसांवर दहा गुंठे माळ घेऊन ठेवणारा गृहस्थ कागदावर आमच्या पानवेलवाल्याइतकाच शेतकरी ठरतो. तो येथील वाडी घेतो ती केळीसाठीं नव्हे. भाव चढेपर्यंत कुंपण घालून ठेवण्यासाठीं. शेजारच्या वाडीचा पाट त्या कुंपणांत अडतो, तण वाढतें, आणि मग शेजारीही विकावयास निघतो.

अमेरिकेंत सरकारी विम्याच्या कर्जावर घेतलेलें घर कर्ज थकून सरकारच्या ताब्यांत आलें, म्हणजे आरंभींचे कांहीं दिवस तें केवळ त्यांत राहणारांसाठींच खुलें ठेवितात. घेणारानें निदान बारा महिने त्यांत राहीन व गेल्या चोवीस महिन्यांत असें दुसरें घर घेतलेलें नाहीं, असें लिहून द्यावें लागतें. त्या मुदतींत गिऱ्हाईक न आलें तर मग गुंतवणूकदारास वाट मोकळी होते. येथें बंदी कायमची नाहीं, पहिला मान तेवढा राहणाराचा आहे. म्हणून किंमतही फारशी पडत नसावी. आपल्याकडे थकलेल्या कर्जांत २००२ च्या कायद्यानें बँका घरें विकतात तेथें राहणारास असा कांहींच मान नाहीं.

आपल्या दिवाणी कायद्यांत या तत्त्वाचें बीज आहे. हुकूम २१, नियम ८८ प्रमाणें अविभक्त मिळकतीचा हिस्सा लिलावांत निघाला आणि हिस्सेदार व परका यांची बोली सारखी झाली, तर ती हिस्सेदाराचीच समजतात. हाच न्याय लगतच्या कसणारास कां लावूं नये? आमची सूचना अशी कीं, बागायत जमिनीच्या लिलावांत पहिला एक महिना त्या गांवांत किंवा लगतच्या गांवांत राहून शेती करणारांच्याच बोली घ्याव्या. पायाची किंमत सरकारी मूल्यदराहून खालीं नसावी, म्हणजे ऋणकोचें नुकसान होणार नाहीं. आणि घेणारानें पांच वर्षें जमीन कसावी, पिकाची नोंद दरसाल तपासावी. महिना उलटून बोली न आल्यास मग आजच्या नियमाप्रमाणें विक्री व्हावी. सोसायट्यांनींही अशा खरेदीस कर्ज देण्याची तयारी ठेवावी, नाहींतर हा मान रिकाम्या खिशाचा ठरेल.

आणखी एक गोष्ट. २००२ च्या त्याच कायद्यांतून शेतजमिनीवरील तारण वगळलें आहे, परंतु सातबाऱ्यावर शेती लिहिली आहे एवढ्यानें तें संरक्षण मिळत नाहीं. गोव्यांतील एका हॉटेलाच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दफ्तरीं नोंद न पाहतां प्रत्यक्ष वापर पाहिला व ती सवलत नाकारली. यासाठीं कर्ज काढलेली वाडी पडीक ठेवूं नये.

आणि दिवाणी लिलाव झालाच, तरी हातपाय गाळूं नयेत. नियम ८९ प्रमाणें जाहीरनाम्यांत नमूद केलेलें येणें, व घेणारासाठीं त्याच्या किंमतीवर शेंकडा ५, इतकी रक्कम कोर्टांत भरून लिलाव रद्द करवितां येतो; मालकासच नव्हे, त्या मिळकतींत हितसंबंध असणाऱ्या भावाबहिणींसही. मुदत साठ दिवसांची आहे, आणि ती लिलावाच्या तारखेपासून मोजावयाची, विक्री कायम झाल्याच्या तारखेपासून नव्हे.