दाजींना जाहीर उत्तर

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग थंडी, मग पाहुणे. आता डोळाही बरा आहे आणि डोकंही तापलेलं आहे, तेव्हा लिहायला बसलो.

माघी गणेश जयंतीला सगळं गोत लेण्याद्रीला आलं होतं. तरुण मंडळी तीनशे सात पायऱ्या चढून गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन आली. मी आणि आमचे दाजी, दोघेही गुडघ्यांचे गुलाम, खालीच बसलो. दुपारी घरी पंगत झाली, पानसुपारी झाली आणि मग माझा भाचा सगळ्यांच्या तावडीत सापडला.

भाचा बोटीवर सेकंड इंजिनिअर आहे. कोळसा, धान्य असला कोरडा माल नेणारी मोठी बोट. त्याला नाद हौशी रेडिओचा, म्हणजे हॅम रेडिओचा. रीतसर परीक्षा देऊन परवाना काढलेला आहे. ड्यूटी संपली की हा गडी डेकवर तांब्याच्या नळीचं एक कडं उभं करतो आणि मोर्समध्ये जगाशी बोलत बसतो. कॅप्टनची लेखी परवानगी, बोटीवर ज्या देशाचा झेंडा त्या देशाची परवानगी, बंदरात शिरलं की सगळं बंद, असे सगळे नियम पाळून.

त्या दुपारी प्रत्येकाने त्याला एकेक टपली मारली. "अरे बोटीवर आता इंटरनेट आहे ना, मग हे कशाला?" "यातून काही मिळतं का?" "त्यापेक्षा चीफच्या परीक्षेचा अभ्यास कर." हे सगळं मी हसून ऐकलं. पण शेवटी दाजी बोलले, म्हणजे त्याचे वडीलच. ते स्वतः १९७१ पासून बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. ते म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं मी हेच केलं. ती विद्या मेली. मेलेल्याचं मढं तू कशाला खांद्यावर घेऊन फिरतोस?"

भाचा गप्प झाला. संध्याकाळी मला एकट्याला म्हणाला, "मामा, ते कडं या खेपेला घरीच ठेवून जातो." म्हणून हा लेख. दाजींना वाचून दाखवायचं काम माझ्या धाकट्या भाचीकडे सोपवलं आहे, तिने मधलं काही गाळू नये.

आधी इंटरनेटवाल्यांचं बघू. त्यांचं म्हणणं खोटं नाही. खलाशांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे त्यात २०२२ साली सुधारणा झाली आणि ती २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली. शक्य तिथे बोटीवरच्या माणसाला इंटरनेट मिळालं पाहिजे असं त्यात आलं. फार चांगलं झालं. मीही भाच्याला व्हिडिओ कॉलवर बघतो, जेवलास का विचारतो. ते कुणी काढून घ्यावं असं मी म्हणत नाही. पण भाचा सांगतो की पूर्वी मेसमध्ये पत्ते कुटले जायचे, आता जो तो केबिनमध्ये मोबाइल घेऊन बसतो. इंटरनेट माणसाला घरी आणून सोडतं. ही गरजच आहे, पण समुद्रावर असलेल्या माणसाला आपण समुद्रावर आहोत हे ते विसरायला लावतं. रेडिओचं उलट आहे. सूर्य कुठे आहे, दिवस आहे की रात्र, वरचं आयनांचं आवरण आज कसं आहे, हे बघितल्याशिवाय एक अक्षर पलीकडे जात नाही.

आता माझ्याच बाजूच्या लोकांचे कान धरतो. हॅम मंडळींना "उपयोग काय" असं विचारलं की ती लगेच आपत्तीची गोष्ट सांगतात. गोष्टी खऱ्या आहेत. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद नावाच्या हॅम बाई आपल्या चमूसह अंदमानात हौशी प्रक्षेपणासाठी गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली आणि पोर्ट ब्लेअरहून निरोप पोचवायला त्यांचा रेडिओ कामी आला. सलाम आहे. पण दुसरीही गोष्ट प्रामाणिकपणे सांगा की! सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत असताना दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडले, डोलकाठी मोडली, पाठ दुखावली. तेव्हा जगाला त्यांचे निरोप मिळाले ते उपग्रहामार्फत. मग आपल्या नौदलाच्या विमानाने त्यांना हुडकलं आणि एका फ्रेंच बोटीने उचललं. संकटात आधी उपग्रहाचं बटण दाबावं, हे कुठलाही शहाणा हॅमसुद्धा सांगेल. रोजच्या नादाला संकटाचा दाखला जोडून त्याला प्रतिष्ठा मिळवून देऊ नका. उद्या संकटातही दुसरं काही जास्त उपयोगी ठरलं, तर तुमचा नाद फुकट गेला असं म्हणायचं का?

माझं म्हणणं साधं आहे. हौशी रेडिओची आंतरराष्ट्रीय नियमांत जी व्याख्या आहे तिच्यात पहिलाच हेतू आहे स्वतःला शिकवण्याचा. मग परस्परांशी बोलणं, मग तांत्रिक शोध, आणि हे सगळं पैशाच्या लोभाशिवाय. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला याहून गोड वाक्य सरकारी कागदात सापडायचं नाही.

आणि ते कडं काय शिकवतं ते ऐका. २० मीटरच्या लहरींसाठी नेहमीची तार ताणायची तर १० मीटर लांब लागते. बोटीवर क्रेन, झाकणं, दोरखंड यांच्यात ती कोण ताणू देणार? म्हणून एक मीटर व्यासाचं कडं आणि त्याच्या तोंडाशी फिरवता येणारा कपॅसिटर. सुटसुटीत, पण फार मानी वस्तू. तिची लहरी बाहेर टाकण्याची ताकद ओहमच्या हिशेबात मोजली तर या बँडवर जेमतेम ०.१ ओहम भरते. २२ मिलिमीटरच्या तांब्याच्या नळीचा स्वतःचा रोध त्याच्या साधारण निम्मा. म्हणजे कपॅसिटर निर्दोष धरला तर दिलेल्या शक्तीचा दोनतृतीयांश भाग आकाशात जातो, बाकीच्याची ऊब. आता खाऱ्या हवेने एका सांध्यावर हिरवा गंज चढला आणि तिथे आणखी ०.१ ओहम वाढला, तर जाणारा भाग ४० टक्क्यांवर येतो. घरातल्या दिव्याच्या वायरीत ०.१ ओहम कुणी मोजतही नाही! म्हणून भाचा दर आठवड्याला सांधे घासतो, डाख पुन्हा देतो.

शिवाय ते एका वेळी वीस किलोहर्ट्झसुद्धा झाकत नाही. बँड ३५० किलोहर्ट्झचा. जरा सरकलं की पुन्हा जुळवा. नुसती १० वॅट शक्ती दिली तरी कपॅसिटरवर दीड हजाराच्या वर व्होल्ट चढतात, म्हणून हात लांब. पण एक गुण असा की कड्याच्या अक्षाच्या दिशेने ते जवळजवळ बहिरं असतं. बोटीतल्या मोटारींचा खरखराट ज्या बाजूने येतो तिकडे तो अक्ष फिरवला की गोंगाट खाली बसतो आणि त्यामागचा बारीक आवाज वर येतो. थोडक्यात भागवायचं तर सांधे स्वच्छ हवेत आणि कान कुठे बंद करायचा ते कळलं पाहिजे, हे वर्गात सांगून मुलांना पटत नाही. हाताने केलं की पटतं.

माझ्याकडेही एक कडं आहे. फक्त ऐकण्याचं, परवाना नसल्याने प्रक्षेपण नाही. भाच्याने मागच्या रजेत लाकडी चौकटीवर एका वेढ्याची तार आणि जुन्या रेडिओतला गँग लावून करून दिलं. आमच्याकडे बिबट्यामुळे अंधार पडला की अंगणात कुणी जात नाही, मग झाडावर तार कोण बांधणार? बोटीवर जागा नाही म्हणून कडं, इथे बिबट्या आहे म्हणून कडं. ते ओसरीवर राहतं.

गेल्या वर्षी भाच्याची बोट मॉरिशसच्या थोडी अलीकडे होती. वेळ आधी ठरलेली. घरात एलईडी दिव्यांचा आणि चार्जरांचा इतका कलकलाट, की शेवटी मी मेन स्विच बंद केला. घरच्या मंडळींनी माझा उद्धार केला. अंधारात हेडफोन लावून बसलो. वीस मिनिटं नुसती खरखर. मग तिच्या पोटातून बारीक शीळ आली. मला मोर्स अडखळत येतं, पण त्याच्या खुणेच्या शेवटचं 'एमएम', म्हणजे 'समुद्रावरून', ते मात्र लगेच कळलं. लांब लांब, लांब लांब. साडेचार हजार किलोमीटरवरून, दहा वॅटवर. त्याला एका जपानी स्टेशनने उत्तर दिलं. मी ऐकतोय हे त्याला कळायचा काही मार्ग नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मोतीबिंदूचं नव्हतं.

हे जुन्नरात घडावं याचं मला नवल वाटत नाही. नाणेघाटातून बंदरांचा माल इथे चढायचा. इथल्या लेण्यांत यवनांनी दान दिल्याचे शिलालेख आहेत. समुद्रापलीकडच्या माणसाने आपलं नाव आमच्या डोंगरावर कोरून ठेवलं, त्याला कुणी विचारलं नसेल की यातून काय मिळतं. आणि आजच्या काळात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण उभी आहे. गोविंद स्वरूप यांनी ती इथे आणली, कारण या डोंगरांच्या आडोशाला माणसाचा गोंगाट कमी होता. जगभरचे शास्त्रज्ञ जिथे ऐकायला येतात त्या तालुक्यात आम्ही विज्ञानदिनाला पोरांना नेतो, तबकडीपुढे फोटो काढतो आणि घरी येतो. शाळेत एकाही पोराच्या हातात गँग आणि तार देत नाही, कारण परीक्षेत येत नाही. यात मीही दोषी आहे. सदतीस वर्षं शिकवलं, एकदाही दिली नाही.

आता दाजी, तुमच्याकडे येतो. तुमचं दुःख मला माहीत आहे. १ फेब्रुवारी १९९९ ला जगभर बोटींवर नवी यंत्रणा पुरती लागू झाली आणि मोर्सचा पहारा संपला. रेडिओ ऑफिसरची खुर्चीच उठली. बावन्नाव्या वर्षी तुम्ही घरी आलात, की पितळी की ट्रंकेत घातली आणि पोराला एक अक्षर शिकवलं नाहीत. तो पुस्तकावरून आणि टेपवरून शिकला. पण दाजी, मेली ती नोकरी. नोकरीची गरज कंपनीला होती, ती संपली. विद्येची गरज ज्याला आहे तो तुमच्या घरात वाढला, आणि तुम्ही त्याच्या हातातलं कडं मढं म्हणता? पोटासाठी शिकलेली गोष्ट पोटाबरोबरच संपते असं मानलं, तर मी निवृत्तीच्या दिवशी वाचणंही सोडायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल, मास्तर, तुमची पेन्शन चालू आहे, तुम्हाला बोलायला काय जातं. बरोबर आहे. तुमच्यावर अन्याय झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याची भरपाई पोराकडून वसूल करू नका.

भाचा पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला जहाजावर चढतोय. कडं मी त्याच्या बॅगेत परत ठेवलेलं आहे, सांधे घासून. बोट खोल पाण्यात गेली की पहिल्या रविवारी संध्याकाळी सात वाजता तो बोलेल. दाजी, तुम्ही सहालाच या, उजेडात, बिबट्याच्या आधी. मला मिनिटाला पाच अक्षरंसुद्धा धड कळत नाहीत, तो भराभर बजावतो. कागद-पेन्सिल ठेवतो. तुम्ही उतरवून घ्या.

मेन मी बंद करीन.