धूर सुटला, व्यसन सुटले काय?

विडी-सिगारेट टाकून ई-सिगारेटच्या वाफेकडे वळलेला मनुष्य आपण व्यसनमुक्त झालो असे मानतो. आम्हांस ते मान्य नाही. धुरातील डांबर व कार्बन मोनॉक्साइड यांपासून तो बव्हंशी बचावतो, हे खरे. परंतु त्यास जखडणारे निकोटीन वाफेतही असतेच. निकोटीन व्यसन जडविते, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्जन जनरलने १९८८ सालीच दिला. झुरक्यावाटे ते काही सेकंदांत मेंदूस पोचते, आणि त्या त्वरेतच पाशाचे बळ आहे. औषधी च्युइंगममधून ते सावकाश येते, म्हणून तो पाश सैल.

२०१९ साली केंद्राने ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. विडी मात्र मोकळीच राहिली! नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्याच्या विडी ओढणाऱ्या शेतकऱ्यास त्या बंदीने काय लाभले? त्याने ते उपकरण बहुधा पाहिलेही नसेल. पहाटे उठताच तो विडी चाचपतो ती हौसेने नव्हे. रात्रभरात रक्तातील निकोटीन उतरलेले असते म्हणून. त्यास ‘मन घट्ट कर’ असे सांगणारे (आम्हीही त्यांतलेच होतो) पुष्कळ आहेत. ते च्युइंगम व समुपदेशन त्यास जवळच्या आरोग्य केंद्रात विनामूल्य व विनाखंड मिळावे, अशी आमची शासनाकडे मागणी आहे.