बॅग हरवली तर काय अडेल?

नृसिंहवाडीच्या माणसाला सामान कसं बांधावं हे शिकवावं लागत नाही. कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावर वसलेलं हे गाव दर पावसाळ्यात नदीकडे डोळे लावून असतं. पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला गर्दी होते. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात आणि मग घराघरांतून आवराआवर सुरू होते. 2005, 2019 आणि 2021 या तीन वर्षांच्या महापुरांनी शिरोळ तालुक्यातल्या बायाबापड्यांना एक गोष्ट पक्की शिकवली: हातात एकच पिशवी राहणार असेल, तर त्या पिशवीत काय घालायचं. कागदपत्रं, चार दागिने, म्हाताऱ्यांच्या गोळ्या, चष्मा. पावडरचा डबा शोधायला कुणी माघारी वळत नाही.

याच भागातली मंडळी आता क्रूझलाही जाऊ लागली आहेत. कुणी भिशीच्या पैशातून, कुणी निवृत्तीनंतर, कुणाला मुलानं तिकिटं काढून दिली म्हणून. उजळाईवाडीच्या विमानतळावरून मुंबई, तिथून जहाज. कॉर्डेलियाचं जहाज सप्टेंबर 2021 मध्ये मुंबईहून सुटू लागलं आणि गोवा, कोची, लक्षद्वीप या सफरी मध्यमवर्गीय घरांतल्या गप्पांत आल्या. ज्यांना जमतं ते सिंगापूरला उडून तिथून बोटीत बसतात. आणि या आनंदाच्या प्रवासाची बॅग भरताना पुराची ती सगळी शिकवण उलटी होते. लिपस्टिक, परफ्यूम, फेसवॉश, केसांचा स्प्रे हे ‘हाताशी लागेल’ म्हणून खांद्यावरच्या पिशवीत जातं. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या मात्र ‘नीट राहतील’ म्हणून मोठ्या बॅगेत, साडीच्या घडीत.

हा क्रम का चुकीचा आहे, हे प्रवासाचा मार्ग पाहिला की कळतं. क्रूझच्या प्रवाशाची मोठी बॅग त्याच्यापासून दोनदा दूर जाते. पहिल्यांदा विमानतळाच्या काउंटरवर, दुसऱ्यांदा बंदरावर. जहाजावर चढण्यापूर्वी बॅगेला खोलीचा क्रमांक लावून ती कर्मचाऱ्यांच्या ताब्यात द्यायची असते आणि ती खोलीच्या दाराशी पोहोचायला कधी कधी संध्याकाळ होते. दुपारच्या जेवणाआधीची गोळी तोवर बॅगेतच. विमानानं बॅग मागं ठेवली तर प्रकरण आणखी अवघड. हॉटेलात उतरलेल्या माणसाची बॅग दुसऱ्या दिवशी हॉटेलवर येते, पण जहाज ठरल्या वेळी सुटतं आणि समुद्रात बॅग आणून देणारं कुणी नसतं. जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण गावच्या डॉक्टरांनी नेमून दिलेली नेमकी गोळी तिथं मिळेलच असं नाही.

मग खांद्यावरच्या पिशवीत जागा व्हावी म्हणून सौंदर्यप्रसाधनांवर कात्री चालवावी लागते, आणि इथं तो प्रसिद्ध 100 मिलीलिटरचा नियम येतो. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनच्या पोलिसांनी अटलांटिकपार जाणारी विमानं शीतपेयांच्या बाटल्यांत भरलेल्या द्रवस्फोटकांनी उडवण्याचा कट उघड केला. त्यानंतर जगभर द्रवपदार्थांवर बंधनं आली. आंतरराष्ट्रीय उड्डाणात हातातल्या सामानात प्रत्येक बाटली 100 मिलीची किंवा त्याहून लहान हवी आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावायला हव्यात. मोजलं जातं ते बाटलीचं माप. त्यामुळे 200 मिलीच्या ट्यूबमध्ये तळाला चमचाभर क्रीम उरलं असलं तरी ती ट्यूब टोपलीत जाते. सुरक्षा तपासणीच्या भाषेत ‘द्रव’ या शब्दाचा अर्थही ऐसपैस आहे. टूथपेस्ट, काजळाचं जेल, लोशन आणि वाडीची बासुंदी, सगळंच त्यात बसतं. कवठाची बर्फी आणि कंदी पेढे सुटतात. युरोपातल्या काही विमानतळांवर नवी सीटी स्कॅनर यंत्रं आल्यावर हा नियम सैल होऊ लागला आहे, पण येताना-जाताना दोन्हीकडे तसं असेल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. औषधांना मात्र या मापातून सूट असते. प्रवासापुरतं पातळ औषध किंवा इन्सुलिन नेता येतं, फक्त डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी.

बाटल्या मोठ्या बॅगेत टाकल्या की प्रश्न मिटला, असंही नाही. उघडल्यावर साड्यांवर शाम्पू सांडलेला दिसतो आणि दोष बाटलीला दिला जातो. खरं कारण हवेच्या दाबात आहे. उंचावर उडणाऱ्या विमानाच्या आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो, आणि सामानाच्या कप्प्यातही तोच. मुंबईत समुद्रसपाटीला बंद केलेल्या बाटलीतली हवा तिथं एक तृतीयांशानं फुगू पाहते. कोल्हापूरचा विमानतळ मुळातच सुमारे 600 मीटर उंचीवर असल्यानं तिथून निघणाऱ्या बाटलीची फुगण्याची हौस थोडी कमी, इतकंच. ही फुगलेली हवा समोरच्या शाम्पूला झाकणातून बाहेर ढकलते. मऊ बाटली हातानं दाबून आतली हवा काढली आणि मग झाकण लावलं, तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवला, तर बहुतेक वेळा काम होतं. रोल-ऑन उभाच ठेवावा.

गळतीपेक्षा गंभीर बाब आगीची. हेअर स्प्रे, डिओडरंट, परफ्यूम, नेलपॉलिश रिमूव्हर यांत ज्वलनशील वायू, अल्कोहोल किंवा ॲसिटोन असतं. विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत अंगाला लावायच्या स्प्रेंना आणि परफ्यूमला परवानगी आहे, पण एक डबा अर्ध्या लिटरपेक्षा मोठा नको आणि सगळे मिळून माणशी दोन लिटरच्या वर नकोत. डासांचा किंवा झुरळांचा ज्वलनशील स्प्रे अंगाला लावायचा नसतो, म्हणून तो या सवलतीत बसत नाही. याउलट मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालतच नाही. ती हातातच हवी, कारण तिनं पेट घेतला तर तो दिसला पाहिजे.

वाडीहून निघणाऱ्या बॅगेत आणखी एक भर असते, ती म्हणजे प्रसादाची पुडी. अंगारा आणि कुंकवाची लहान डबी कुणाला अडवत नाही. कापराची गोष्ट वेगळी. कापूर हा वाहतूक नियमांत ज्वलनशील घन पदार्थ म्हणून नोंदलेला आहे, आणि तो घरीच ठेवावा. सुकं खोबरंही तेल असल्यामुळे आपोआप तापणाऱ्या पदार्थांत गणलं जातं, म्हणून देवळात मिळालेली खोबऱ्याची वाटी बॅगेत घालू नये. उदबत्ती आणि मेणबत्ती पेटवायला जहाजावरही बंदी असते. भर समुद्रात जहाजाला सगळ्यात मोठी भीती आगीचीच, त्यामुळे ‘एकच उदबत्ती’ हा युक्तिवाद तिथं कुणी ऐकून घेत नाही. तीर्थाची छोटी बाटली न्यायची तर मोठ्या बॅगेत न्यावी, आणि उन्हात-उबेत चार दिवस राहिलेलं नदीचं पाणी पिऊ नये, शिंपडावं.

इतकी कात्री चालवल्यावर प्रसाधनांत नक्की ठेवायचं काय? एक सनस्क्रीन आणि एक साबणाची वडी. बाकीचं हौसेनुसार.

सनस्क्रीनचा आग्रह गोरेपणासाठी नाही. डेकवर वारा गार असतो, त्यामुळे त्वचा भाजतेय हे कळत नाही. वरून ऊन असतंच, शिवाय पाण्यावरून आणि लाटांच्या फेसावरून परावर्तित झालेले अतिनील किरण खालूनही येतात. ज्यांच्या गालांवर आधीच वांग आहेत, त्यांचे डाग अशा चार दिवसांत गडद होतात आणि मग ते उतरवायला महिने लागतात. एसपीएफ 30 चं सनस्क्रीन भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडवतं, पण ते नेमून दिलेल्या जाडीत लावलं तर. संपूर्ण अंगाला एका वेळी सुमारे 30 मिली लागतं, आणि दर दोन तासांनी पुन्हा. म्हणजे हातातल्या सामानात चालणारी 100 मिलीची बाटली पोहण्याच्या पोशाखातल्या माणसाला एक दिवसही पुरणार नाही. मोठी बाटली मोठ्या बॅगेत घालावी हे उत्तम. पण साडी, पंजाबी ड्रेस किंवा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणाऱ्यांना चेहरा, मान, हात आणि पाऊल एवढंच झाकायचं उरतं. सुती कापडाची बाही हे कुठल्याही बाटलीपेक्षा स्वस्त सनस्क्रीन आहे, आणि त्याला तपासणीत कुणी हात लावत नाही.

साबणाच्या वडीचं महत्त्व त्याहून जास्त. करोनानंतर प्रत्येक पर्समध्ये सॅनिटायझरची बाटली आली आणि ती लावली की हात स्वच्छ, असा समज पक्का झाला. जहाजांवर उलट्या-जुलाबांच्या साथी पसरवणारा नोरोव्हायरस मात्र अल्कोहोलला फारशी दाद देत नाही. त्याला करोनाच्या विषाणूसारखं स्निग्ध आवरण नसतं, म्हणून अल्कोहोलला विरघळवण्यासारखं त्यात फार काही नसतं. अगदी थोडे विषाणू पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो, आणि ते जिन्याच्या कठड्यावर, जेवणाच्या वाढप्यांच्या डावांवर काही दिवस टिकतात. त्यांना घालवण्याचा मार्ग म्हणजे साबण लावून वीस सेकंद हात चोळणं आणि वाहत्या पाण्याखाली धुणं. बुफेत डाव हातात घेतल्यावर, जेवायला बसण्यापूर्वी, हात पुन्हा धुवावेत. जहाजावर साबण मिळतोच, पण सवयीची वडी जवळ असली की हात धुतले जातात. ती घन असल्यानं 100 मिलीच्या हिशेबात येत नाही, गळत नाही, पेटत नाही. द्रव हँडवॉशच्या जाहिरातींनी मागं टाकलेली ही वडी प्रवासात तरी पुन्हा मानानं बॅगेत यायला हरकत नाही.

गटानं जाणाऱ्या बायकांमध्ये आणखी एक सवय असते. कुणाची लिपस्टिक विसरली, कुणाचं काजळ तपासणीत गेलं, की एकीचं चौघींत फिरतं. प्रेम म्हणून ठीक, पण डोळे आलेल्या मैत्रिणीचं काजळ दुसरीच्या पापणीला लागलं तर चारही जणी लाल डोळ्यांनी सूर्यास्त पाहतील. ओठांवरचे नागिणीच्या जातीचे फोडही लिपस्टिकवरून पसरू शकतात. वर्षभर उघडा असलेला मस्कारा प्रवासापूर्वी टाकूनच द्यावा.

परफ्यूमबद्दल एक सावधगिरी. जहाज हलायला लागलं की ज्यांना मळमळतं त्यांना उग्र वासानं अधिकच त्रास होतो, आणि बंद खोलीत तो वास जायला वाट नसते. उलटीची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फार उपयोग होत नाही. ती जहाज सुटण्यापूर्वी घ्यायची असते. त्यातल्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

शेवटी पुन्हा औषधांकडे. सुटसुटीत व्हावं म्हणून अनेक जण गोळ्या पाकिटांतून सोडवून एका डबीत भरतात. समुद्राच्या दमट हवेत त्या ओलसर होतात आणि कुणी आजारी पडलं तर पिवळी गोळी कशाची हे जहाजावरच्या डॉक्टरला सांगता येत नाही. गोळ्या पट्टीतच राहू द्याव्यात, आणि चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही लिहून घ्यावं. इन्सुलिन सामानाच्या कप्प्यात कधीच घालू नये. तिथं तापमान खूप खाली जाऊ शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी फेकूनच द्यावं लागतं. दिसायला ते तसंच दिसतं, हीच त्यातली मेख. सफर चार दिवसांची असेल तर औषधं आठ दिवसांची घ्यावीत, कारण वादळानं जहाज थांबू शकतं आणि धुक्यानं विमान.

पट्टीतल्या गोळ्या, चष्मा, इन्सुलिनचं पेन, डॉक्टरांची चिठ्ठी, साबणाची वडी, आधारकार्ड किंवा पासपोर्ट. हे सगळं एका छोट्या पिशवीत मावतं, आणि वाडीच्या बाईला ती कशी भरायची हे नदीनं केव्हाच शिकवलं आहे. एक लिपस्टिक त्यातही राहते.