भार किती, आणि किती वेगानें?

प्लॅस्टिकची अमुक वस्तु मजबूत, तमुक तकलादू, असा निकाल आपण दुकानांत उभ्या उभ्या देतों. अंगठ्यानें दाबलें, किंचित् वांकवून पाहिलें, कीं परीक्षा संपली. ही परीक्षा अपुरी आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. प्लॅस्टिकचें बळ हा एकच एक आंकडा नव्हे. भार किती आला, याइतकेंच तो किती वेगानें आला, हेंही विचारावें लागतें.

विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग करून पाहावा. पातळ पॉलिथीनच्या पिशवीच्या दोन सारख्या पट्ट्या कापाव्या. एक हळूहळू ओढावी; ती मध्यें निमुळती होऊन पुष्कळ लांबते. दुसरीस जोराचा हिसका द्यावा. ती बहुधा थोडीच लांबून तटकन् तुटते. पदार्थ तोच, हात तोच. फरक केवळ वेळेचा. प्लॅस्टिकचे रेणु लांबलचक सांखळ्यांसारखे असून एकमेकांत गुंतलेले असतात. सवड मिळाली तर ते सरकतात, उलगडतात आणि भारास वाट देतात. घाव अकस्मात् आला, तर सरकण्यास वेळच उरत नाहीं. मग पदार्थ अधिक ताठ होतो, अधिक ताणही सोसतो. पण लवणें विसरून पुष्कळदां तडकतो.

थंडीही हेंच करते. २८ जानेवारी १९८६ रोजीं अमेरिकेचें 'चॅलेंजर' हें अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालें व त्यांतील सातही जण मरण पावले. त्याच्या अग्निबाणाचा सांधा बंद ठेवणारें रबरी कडें प्लॅस्टिकच्याच कुळांतलें. सांधा क्षणार्धांत उघडला. गारठलेल्या कड्यास तितक्या त्वरेनें पूर्ववत् होतां आलें नाहीं.

उलट, हलका भारही वर्षानुवर्षे राहिला, तर प्लॅस्टिकची फळी मंदगतीनें वांकत जाते. म्हणूनच प्लॅस्टिकच्या जलवाहिन्यांचें बळ ठरवितांना पन्नास वर्षांचा हिशेब धरतात.

आतां पालकांस एक विनंति. मुलास दुचाकीवर मागें बसवून शाळेंत आणतांना आपण त्याच्या डोक्यावर जें हेल्मेट घालतां, तें हातानें दाबून निवडूं नये. हात सावकाश दाबतो; अपघाताचा घाव सेकंदाच्या अल्पशा अंशांत येतो. म्हणून प्रमाणित हेल्मेटाची परीक्षा तें उंचीवरून ऐरणीवर आपटूनच घेतात. ती परीक्षा उतरल्याची खूण म्हणजे आयएसआयचा शिक्का. चार रुपये वांचविण्यासाठीं तो सोडणें आम्हांस घातक वाटतें. एकदां जबर मार खाल्लेलें हेल्मेटही, वरून धड दिसलें तरी, पुन्हां वापरूं नये.

आणि आम्हां शिक्षकांचेंही एक कर्तव्य आहे. "ही वस्तु किती भार सोसेल?" असें मुलानें विचारलें, तर उत्तर देण्यापूर्वीं "किती वेळांत?" असा प्रश्न त्यास करावा. शास्त्राचा खरा अभ्यास अशा उलट प्रश्नापासूनच सुरू होतो.