पारधीचा परवाना आणि मोठ्या सुळ्यांचा मोह

अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जायचं तर परवान्यासोबत एक चिठ्ठी मिळते. तिला तिकडे टॅग म्हणतात. हरीण पडलं की चिठ्ठी त्याला बांधायची. त्या चिठ्ठीपुरती शिकार तिथं संपली. यावरून तिथल्या शिकाऱ्यांत जुना वाद आहे. पहिलं कायदेशीर हरीण टप्प्यात आलं की गोळी घालून मोकळं व्हावं, की मोठ्या शिंगांच्या नरासाठी हंगामभर दम धरावा? दम धरून रिकाम्या हाती परतणाऱ्याला ‘टॅगचं सूप’ प्यावं लागलं, अशी तिकडे थट्टा होते.

नांदगाव खंडेश्वरात बसून या वादाशी आपला काय संबंध, असं कुणीही विचारेल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची हौसेची शिकार संपवली, आणि ते चांगलंच झालं. पण त्याच कायद्याच्या कलम 11 मध्ये एक फट ठेवलेली आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायला वनखातं लेखी परवानगी देऊ शकतं. त्याच आधारावर 2015 साली महाराष्ट्र सरकारने रोही आणि रानडुक्कर यांच्या पारधीची परवानगी देण्याची वाट मोकळी केली. सरकारी कागदावरही शब्द ‘पारध’ हाच आहे. म्हणजे आपल्याकडेही चिठ्ठी आहे, आणि चिठ्ठी आली की वादही आला.

आमच्या तालुक्यात जनावराचा त्रास किती आहे हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागतं. सोयाबीन दोन पानांवर आलं की रोही येतात आणि कोवळे शेंडे खुडत तासच्या तास साफ करतात. हरभरा घाट्यावर आला की डुकरं शिरतात. डुक्कर खातं कमी, तुडवतं जास्त. दिवसभर शेतात राबलेला माणूस रात्री टॉर्च आणि पत्र्याचा डबा घेऊन जागलीला जातो. काही जण कुंपणात करंट सोडतात. त्यात डुकराआधी कधी कधी माणूसच मरतो. तेव्हा परवाना मागणाऱ्या शेतकऱ्याला क्रूर म्हणणं मला जमत नाही. 2016 च्या जूनमध्ये बिहारमधल्या मोकामा भागात दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या गेल्या, तेव्हा दिल्लीत केंद्रीय मंत्र्यांचंच आपसात जुंपलं होतं. त्या भांडणात रात्रभर जागलेल्या शेतकऱ्याचं म्हणणं फारसं ऐकू आलं नाही. (वऱ्हाडात आपण त्या जनावराला रोही म्हणतो तेच बरं. नीलगाय म्हटलं की अर्धे लोक प्राणिशास्त्र सोडून दुसरंच काही बोलू लागतात.)

माझी तक्रार परवान्याबद्दल नाही. परवाना हातात आल्यावर शिकाऱ्याच्या डोक्यात जे सुरू होतं, त्याबद्दल आहे. बंदूक बहुतेक शेतकऱ्यांकडे नसते. मग परवानाधारक बंदूकवाला शोधावा लागतो आणि तो हौशी असतो. आमच्या ओळखीचे एक शेतकरी चाचा सांगत होते, “कळप समोरून चालला होता, पाच-सात डुकरं. मी म्हणलं, मार ना गा. तो म्हणे, थांबा चाचा, मागून मोठा दातवाला येते. दातवाला आलाच नाही, अन् माह्या हरभऱ्याचा मात्र निकाल लागला.”

चाचांचं दुःख समजून घ्यायचं तर डुकराचं कुटुंब समजून घ्यावं लागतं. कळप असतो तो माद्यांचा आणि पिल्लांचा. पिकाचा सत्यानाश तो करतो. मोठ्या सुळ्यांचा नर बहुधा एकटा फिरतो. तो मारला तर भिंतीवर लावायला सुळे मिळतील, पण कळप तसाच राहील, कारण त्याच्या जागी दुसरा नर येतो आणि माद्या पुन्हा चार-सहा पिल्लं घालतात. पीक वाचवण्याच्या नावावर मिळालेला कागद खिशात ठेवून सुळ्यांची वाट पाहणं ही माझ्या मते शेतकऱ्याची सरळसरळ फसवणूक आहे.

मोठ्याच्या मोहाचा दुसरा परिणाम कॅनडात दिसला आहे. अल्बर्टा प्रांतातल्या राम माउंटन या डोंगरावरच्या रानमेंढ्यांत शिकारी कायम मोठ्या शिंगांचेच नर निवडून मारत राहिले. साधारण तीस वर्षांच्या नोंदींवरून 2003 मध्ये संशोधकांनी दाखवलं की पुढच्या पिढ्यांतल्या मेंढ्यांची शिंगंच लहान होत गेली. शेतकरी बियाण्यासाठी उत्तम कणीस राखतो. हे लोक उत्तम तेवढं उचलून उरलेल्याला बियाणं करत होते.

दम धरण्याच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र वजनदार आहे, आणि तो आमच्याच मातीतला आहे. फासेपारधी. माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांच्या 1992 च्या ‘धिस फिशर्ड लँड’ या पुस्तकात फासेपारध्यांचा नियम नोंदवला आहे: फाशात गाभण काळवीट-मादी किंवा पाडस सापडलं तर ते सोडून द्यायचं. नंदीवाले डुकरांमागे, वैदू लहान मांसाहारी जनावरांमागे, पारधी हरणांमागे, अशी वाटणीही ठरलेली होती. हातात आलेलं सोडून देणं यापेक्षा मोठा दम कोणता? ज्या जमातीला इंग्रजांनी 1871 च्या कायद्याखाली जन्मजात गुन्हेगार ठरवलं, तिच्याकडे शिकारीचा कायदा सरकारच्या आधीपासून होता. त्याच जमातीच्या मुलांसाठी आमच्या तालुक्यात, मंगरूळ चवाळ्याला, मतीन भोसले यांनी प्रश्नचिन्ह ही आश्रमशाळा उभी केली. तिच्यावर पुढे समृद्धी महामार्ग आला, तो वेगळ्या लेखाचा विषय.

पण पारध्याचा नियम डुकराच्या परवान्याला जसाच्या तसा लावता येत नाही. पारधी मादी सोडायचा, कारण पुढच्या वर्षी त्याला हरीण हवं असायचं. चाचांना पुढच्या वर्षी डुकरं नको आहेत. म्हणून कळपातलं जे जनावर जवळून, स्वच्छ टप्प्यात येतं ते मारावं, मादी असली तरी. फक्त दूध पिणारी पिल्लं मागे असलेली मादी सोडावी. ती पिल्लं गोळीने मरत नाहीत, तडफडून भुकेने मरतात.

हा अपवाद मी कायद्यातून काढलेला नाही. आमच्या दीनमध्ये शिकार हलाल आहे, पण तिच्याभोवती कुंपणं बरीच आहेत. हजच्या एहराममध्ये असताना रानातलं जनावर मारायला मनाई आहे. हाताशी आलेली शिकार ही तिथे परीक्षा मानली आहे. जिवंत जनावराला निशाणेबाजीसाठी लक्ष्य करायला पैगंबरांनी मना केलं. शिकारीवर अल्लाहचं नाव घेऊन बाण किंवा कुत्रा सोडायचा. रोही खाण्याला धर्माची अडचण नाही, डुक्कर तर हरामच. पण पिकाच्या राखणीसाठी मारताना दोघांच्या वेदनेचा हिशेब सारखाच लागतो. खाण्याचा प्रश्न तसाही कायद्याने मिटवला आहे. कलम 39 प्रमाणे परवान्यावर मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता होतं. तेव्हा आमच्या पोरांनी रोहीच्या मांसाचा विचारही मनात आणू नये. कायदा तर आहेच, आणि कायद्याबाहेर काय होऊ शकतं तेही सगळ्यांना ठाऊक आहे.

अजून एक गोष्ट. मोठ्यासाठी थांबलेल्या शिकाऱ्याला उशिरा, लांबवर, अर्धवट उजेडात तो मोठा दिसतो, आणि इतका वेळ घालवल्यामुळे बोट चापावरून निघत नाही. जखमी डुक्कर तुरीत शिरतं. सकाळी त्याच तुरीच्या बाजूने बाया कापूस वेचायला निघतात. जखमी डुक्कर अंगावर आलं तर काय करतं हे ज्याने पाहिलं आहे, तो सुळ्यांच्या लांबीबद्दल बोलत नाही.

वनखात्याकडे मागणी एवढीच. कोणत्या शेतात आणि कोणत्या मुदतीत हे ठरतंच. त्यासोबत गोळी कोण चालवणार हेही शेतकऱ्यालाच ठरवू द्या, आणि जनावर पडल्यावर पंचनाम्यात नर की मादी, कळपातलं की एकटं, हेही लिहून घ्या. वर्षभराचे असे कागद एकत्र केले की तालुक्यात पीक कोण वाचवत होतं आणि सुळे कोण जमवत होतं ते कळेल. चाचा यंदा पुन्हा अर्ज करणार आहेत. बंदूकवाला मात्र दुसरा पाहतो म्हणाले.