पाण्याला भाव, पाणी मारणारीला नाही

जून २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रो या बांधकाम कंपनीने ५०० कोटींचे 'शाश्वत' रोखे काढले, सेबीच्या नव्या चौकटीतले पहिलेच. कर्जाच्या अटी दोन उद्दिष्टांना बांधल्या: गोड्या पाण्याचा उपसा आणि हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवणे. चांगलेच आहे. पाणी वाचले तर आमचेही वाचेल.

पण थेंबाचा हिशेब रोख्यात बसतो, तर भिंतीवर पाणी मारणाऱ्या बाईचा का बसत नाही? तिची कल्याणकारी मंडळात नोंदणी झाली का, ठेकेदाराने ९० दिवसांचा दाखला दिला का, साइटवर पाळणाघर आहे का, हे मोजायला मीटरसुद्धा लागत नाही. हजेरीपट पुरतो. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चाचा १ टक्का उपकर तिच्यासाठीच तर ठेवला होता!

आम्ही खडकीकर दारूगोळा कारखान्याच्या सावलीतले. कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा ४८ तासांवर आला तो १९४६ च्या दुरुस्ती कायद्याने, आणि ते विधेयक मजूरमंत्री बाबासाहेबांनी मांडले होते. कुणा मालकाला पाझर फुटला नव्हता. (याच कंपनीच्या अध्यक्षांची ९० तासांची भाषा जानेवारी २०२५ मध्ये गाजलीच.)

सेबीच्या त्याच चौकटीत सामाजिक रोख्यांनाही जागा आहे. तेव्हा हरित इमारतीसाठी पुढचा रोखा कुणीही काढो, आमची मागणी एकच: मुकादमाच्या वहीतल्या प्रत्येक नावाची मंडळात नोंदणी हे उद्दिष्ट त्यात लिहा. हुकले, तर व्याजदर वाढवा.